दहा फुटांवरचा पडदा

2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं आणि गिरगाव, दादर, परळच्या कौलांवर, गच्च्यांवर वरळीकडे तोंड केलेले अँटेने दिसू लागले. चित्र साफ दिसणं संचाच्या किमतीपेक्षा वर चढलेल्या माणसावर अवलंबून असे. तो अँटेना फिरवायचा आणि खालून गॅलरीतून कुणीतरी ओरडायचं, "अजून थोडं उजवीकडे... आलं, आलं... गेलं!" पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की मगच त्याला खाली उतरायची परवानगी.

फुल एचडी घ्यावा की फोर के, हा आज दुकानात पडणारा प्रश्न या वस्तीत वेगळ्या रूपात तेव्हापासून आहे. चित्र किती बारीक आहे, ते किती लांबून बघायचं आणि मुळात घरापर्यंत काय पोचतं, या तीन गोष्टींवर त्याचं उत्तर ठरत आलं.

दूरदर्शनचं चित्र 625 रेघांचं होतं; त्यांतल्या 576 रेघा पडद्यावर दिसत. 20 इंची संचावर एक रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची होते. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. म्हणजे सहा फुटांच्या पुढे गेलं की या रेघा एकमेकींत मिसळतात आणि चित्र सलग दिसतं.

आता वरळी, नायगाव किंवा ना. म. जोशी मार्गावरची बीडीडी चाळ डोळ्यांसमोर आणावी. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींतली खोली सुमारे 160 चौरस फुटांची. मजल्यावर एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि त्या घराचं दार संध्याकाळी सगळ्यांना उघडं. पोरं पुढे जमिनीवर, म्हातारी माणसं भिंतीलगतच्या खाटेवर, उरलेले उंबऱ्यात आणि खिडकीच्या गजांशी. अगदी पुढे बसलेल्या पोरांना रेघा दिसायच्या. दहा फुटांवरच्या आजीला तेच चित्र गुळगुळीत वाटायचं, आणि त्यापेक्षा महागडा संच आणला असता तरी तिला अधिक काही दिसलं नसतं.

1982 साल मात्र कापड गिरण्यांच्या या गिरणगावाला वेगळं गेलं. त्या वर्षी 15 ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धा रंगांत दिसल्या. पण लालबाग-परळमध्ये 18 जानेवारीपासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू होता. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरी पगार येत नव्हता. रंगीत संच घेण्याची गोष्टच सोडा, भांडीकुंडी विकून घर चालवायची वेळ अनेकांवर आली. काही घरांत कृष्णधवल पडद्यापुढे रंगीत प्लॅस्टिकची काच लावून समाधान मानलं जाई. त्यात माणसांचे चेहरेसुद्धा निळे दिसत.

त्याच दशकात व्हिडिओ आला. सत्यनारायणाच्या पूजेला किंवा गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभरात दोन-तीन सिनेमे उरकायचे, ही चाळीतली ठरलेली रीत झाली. व्हीएचएस कॅसेटवर जेमतेम 240 रेघांइतका तपशील मावतो, म्हणजे दूरदर्शनच्या प्रक्षेपणापेक्षाही बराच कमी. तरी चौकात मांडलेल्या संचासमोर पहाटेपर्यंत माणूस हलत नसे.

मग केबल आली, आणि 31 डिसेंबर 2006 पासून दक्षिण मुंबईत आवडीच्या सशुल्क वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्स लागू लागला. 2012 च्या अखेरीस सगळ्या मुंबईची केबल डिजिटल झाली. मुंग्या गेल्या, सिग्नल बिघडला की त्यांच्या जागी चौकोनी तुकडे दिसू लागले. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांपासून दूरदर्शनही एचडीत आलं होतं.

फुल एचडीत आडव्या ओळीत 1920 आणि उभ्या ओळीत 1080 ठिपके असतात. फोर केमध्ये 3840 आणि 2160, म्हणजे एकूण चौपट. पण 43 इंची पडद्यावर साडेपाच फुटांपलीकडे बसलं की हा फरक डोळ्याला कळत नाही. 55 इंचांना हे अंतर सात फुटांच्या आसपास जातं, 65 इंचांना साडेआठ फुटांपर्यंत. खाट आणि टीव्ही समोरासमोरच्या भिंतींना असलेल्या जुन्या खोलीत 43 इंची फोर केचे जादा ठिपके वायाच जातात. बीडीडीच्या पुनर्विकासात मिळणारं घर 500 चौरस फुटांचं आहे. तिथे भिंतीवर 55 किंवा 65 इंची पडदा सहज मावतो आणि सोफा सहा-सात फुटांवर ठेवला, तर फोर के खरोखर दिसू लागतं.

तेही पडद्यावर काय लावलंय त्यावर. मराठी मालिका आणि बातम्यांच्या वाहिन्या फार तर एचडीत येतात. वरळीच्या स्टुडिओत व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या जुन्या कार्यक्रमांत 576 रेघांपलीकडे काही नोंदलंच गेलेलं नाही, त्यामुळे पडदा कितीही भारी असला तरी त्यांत तपशील वाढत नाही. फिल्मचं तसं नाही. दादासाहेब फाळक्यांनी दादरला चित्रित केलेला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आलेला 'राजा हरिश्चंद्र' 35 मिलिमीटर फिल्मवर होता, आणि अशा फिल्मच्या चांगल्या अवस्थेतल्या मूळ निगेटिव्हमध्ये एचडीहून जास्त तपशील असतो. ज्या घरात असे जुने सिनेमे नीट स्कॅन झालेल्या प्रतींवरून बघितले जातात आणि बसायची जागा पडद्याजवळ आहे, तिथे फोर केवर जादा पैसे घालावेत. संध्याकाळच्या मालिका आणि बातम्या दहा फुटांवरून बघणाऱ्या घराला 43 इंची फुल एचडी पुरतो.