पॅलिएटिव्ह केअर : काळजी घेणाऱ्यांचा ताण आणि कलाउपचार

गंभीर आजारात रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ, भीती कमी करून त्याचे दिवस सुसह्य करणाऱ्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. औषधे डॉक्टर लिहून देतात, पण रात्रंदिवस सगळे पार पाडते घरातलेच कोणीतरी, बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून. मॉर्फिनच्या वेळा सांभाळायच्या, ठरावीक वेळाने कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची आणि भेटायला आलेल्यांना चहाही करायचा. झोप तुटक होते, जेवण उभ्याउभ्या उरकले जाते. चिडचिड, डोकेदुखी, विसराळूपणा सुरू झाला तरी ‘दगदग झाली’ म्हणून सोडून दिले जाते.

या कामातला सर्वांत जड भाग मात्र गप्प राहण्याचा असतो. ‘आईला कॅन्सरचं सांगू नका’ असे सांगणारी कुटुंबे आम्हा डॉक्टरांना नेहमी भेटतात. मग खोलीत हसतमुखाने जायचे आणि मोरीत नळ सोडून रडायचे. रुग्णाला अनेकदा सगळे कळलेले असते. तोही तुमच्यासाठी गप्प असतो. जे घरात कोणाशीच बोलता येत नाही, ते उतरवून ठेवायला कुठेतरी जागा हवी. कलाउपचाराचा मोठा उपयोग इथे होतो.

कलाउपचारात काय करतात?

‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये वापरात आणला. क्षयरोगामुळे सॅनेटोरियममध्ये असताना चित्रे काढण्याने त्यांना उभारी मिळाली आणि मग ते इतर रुग्णांनाही कागद-रंग देऊ लागले.

आजच्या सत्रात तुमच्यासमोर खडू, रंग, माती, जुनी मासिके ठेवलेली असतात. ‘हा आठवडा कोणत्या रंगाचा होता?’ किंवा ‘खांद्यावरचे ओझे डोळ्यांना दिसले असते, तर कसे दिसले असते?’ असा एखादा प्रश्न थेरपिस्ट विचारतो. तुम्ही काहीतरी करता. वाटले तर त्याबद्दल बोलता, नाही वाटले तर नाही. ‘मला राग येतो’ हे म्हणण्यापेक्षा ‘ही लाल रेघ जरा जास्तच जोरात ओढली गेली’ हे म्हणणे सोपे असते.

चित्र चांगले येण्याशी याचा संबंध नाही. काळा रंग जास्त दिसला म्हणून तुम्हाला नैराश्य आहे, असे निदानही चांगला थेरपिस्ट करत नाही. कोणी हात पाहिल्यासारखे तुमचे चित्र ‘वाचू’ लागले, तर दुसरा थेरपिस्ट शोधा. प्रशिक्षण कुठे घेतले, गंभीर आजाराच्या रुग्णांच्या कुटुंबांबरोबर काम केले आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

खरेच फायदा होतो का?

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व सहकाऱ्यांनी ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटे चित्र, कोलाज किंवा मातीकाम करायला दिले आणि आधी-नंतर लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरक मोजले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झाले. पूर्वी कला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे याच गटाने कर्करोग विभागातील कर्मचारी आणि रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर काम केले. तिथे तयार आकृती रंगवणाऱ्यांनाही आणि थेरपिस्टसोबत मोकळेपणाने चित्र काढणाऱ्यांनाही एका सत्रानंतर चिंता व ताण कमी वाटला.

हे अभ्यास छोटे आहेत आणि परिणाम त्या-त्या बैठकीपुरता मोजलेला आहे. यातून रुग्णाची सेवा हलकी होत नाही, रात्रीची झोपही भरून निघत नाही. दमलेल्या माणसाला थोडा श्वास मिळतो, इतकी अपेक्षा ठेवा.

थेरपिस्ट जवळ नसेल तर

मोठ्या शहरांबाहेर प्रशिक्षित आर्ट थेरपिस्ट सहज मिळत नाहीत. घरी स्वतः चित्र काढणे हा उपचार नव्हे, पण विसावा नक्कीच आहे. वहीत रोज एक चौकोन आखा आणि त्या दिवसाला जो वाटेल तो रंग भरा. वहीच्या पानावर ठिपक्यांची रांगोळी काढा. ठिपके मोजताना मन दुसरीकडे फार भटकत नाही. हात शिवणात रमत असतील, तर जुन्या साड्यांचे तुकडे जोडत बसा. रुग्णाला इच्छा असेल, तर त्याच्याबरोबर एखादा तुकडा निवडा. साडीच्या आठवणीतून कधीकधी अडलेले बोलणे सुरू होते. काढलेले कोणाला दाखवायची गरज नाही. फाडून टाकलेत तरी चालेल.

रंगांपेक्षा वेळ मिळणे कठीण, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून भेटायला येणारे ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात तेव्हा संकोच न करता सांगा : शनिवारी चार ते पाच बाबांजवळ बसाल का? रुग्ण अंथरुणावर असताना आपण रंग घेऊन बसलो, याचा अपराधी भाव बहुतेकांना येतो. तो आला म्हणून थांबू नका.

काही काळजी मात्र घ्यायला हवी. टर्पेंटाइन आणि उग्र वासाचे रंग रुग्णाच्या खोलीत नकोत, त्याने मळमळ वाढते. घरी ऑक्सिजन चालू असेल, तर ज्वालाग्राही द्रव त्याच्या आसपासही आणू नका. धाप लागणाऱ्या रुग्णाजवळ रांगोळीची पूड उडवू नका. साधे तेलखडू किंवा रंगीत पेन्सिली सर्वांत सोयीच्या.

एवढे पुरेसे नसते तेव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणे, रुग्ण झोपलेला असूनही झोप न येणे, रुग्णावर हात उगारला जाईल अशी भीती वाटणे, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार लागणे, अशा वेळी रुग्णाच्या डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. पॅलिएटिव्ह केअरमध्ये कुटुंबाची काळजी घेणेही येते. स्वतःला संपवावे असा विचार मनात आला, तर थांबू नका. टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

रुग्ण गेल्यानंतर घर आवरताना त्या वह्या आणि चित्रे रद्दीत घालायची घाई करू नका. काही महिने कपाटात राहू द्या. पाहावीशी वाटली तर पाहा, आणि पुन्हा खडू हातात घ्यावासा वाटला तर त्याच वहीत पुढचे पान उघडा.