कोळंबीची अळी आणि बीज टाकीतून टाकीत हलवताना घ्यावयाची काळजी (मावळ व लोणावळा परिसर)

टाकीत अंडीधारी मादी दिसते, काही दिवसांनी पाण्यात बारीक पिल्ले तरंगतात आणि आठवड्याभरात ती नाहीशी होतात. घरी कोळंबी पाळणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. अशा वेळी खाद्य किंवा रोगाकडे बोट दाखवण्याआधी पाणी तपासा. पिल्ले चुकीच्या पाण्यात राहिली किंवा एका झटक्यात नव्या पाण्यात टाकली, तर ती जगत नाहीत. शेततळ्यासाठी बीज आणतानाही हाच नियम लागू पडतो.

आधी कोळंबी ओळखा

- चेरी कोळंबी: शोभेची लाल कोळंबी. हिची पिल्ले जन्मतःच आईसारखी दिसतात आणि गोड्या पाण्यातच वाढतात.
- अमानो कोळंबी: मोठी गोड्या पाण्यात राहते, पण अळ्यांना जवळपास समुद्राइतके खारे पाणी लागते.
- गोड्या पाण्यातील जंबो कोळंबी (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी): शेततळ्यात वाढवतात ती हीच. अळ्यांना सुमारे १२ पीपीटीचे, म्हणजे लिटरला १२ ग्रॅम क्षार असलेले निमखारे पाणी लागते. निव्वळ गोड्या पाण्यात त्या काही दिवसांतच मरतात.

पुढील माहिती जंबो कोळंबीची आहे.

अळी की बीज?

अळी पोट वर करून, शेपटीच्या दिशेने पोहते आणि पाण्यात तरंगत राहते. ११ अवस्था पार केल्यावर तिचे बीजात, म्हणजे पोस्ट-लार्व्हात रूपांतर होते. २८ ते ३१ अंश सेल्सिअस तापमानात याला साधारण २५ ते ३५ दिवस लागतात. बीज मोठ्या कोळंबीसारखे दिसते, डोके पुढे ठेवून पोहते आणि तळाला किंवा भिंतीला चिकटून चालते. गोड्या पाण्यात न्यायचे ते फक्त बीज, अळी नव्हे.

निमखारे पाणी तयार करणे

समुद्राच्या पाण्याची क्षारता सुमारे ३५ पीपीटी असते. असे १ भाग पाणी आणि २ भाग गोडे पाणी मिसळल्यास सुमारे १२ पीपीटी मिळते. पावसाळ्यात खाडीचे पाणी पातळ होते, त्यामुळे अंदाजावर न जाता क्षारतामापकाने मोजा. स्वयंपाकाच्या मिठात समुद्राच्या पाण्यातील इतर खनिजे नसतात, म्हणून ते चालत नाही; मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ वापरा. नळाचे पाणी २४ तास हवा देऊन ठेवा, म्हणजे क्लोरीन निघून जाईल.

अळ्या गोळा करण्याची पद्धत

१. अंड्यांचा नारिंगी रंग राखाडी झाला की मादीला ५ पीपीटी पाण्याच्या वेगळ्या टाकीत ठेवा. अळ्या बाहेर पडल्यावर मादी काढून घ्या.
२. टाकीवर काळे कापड टाका आणि एकाच कोपऱ्यात दिवा लावा. अळ्या उजेडाकडे येतात.
३. हवा पाच मिनिटे बंद करा. बारीक नळीने त्या कोपऱ्यातील पाणी अळ्यांसह बादलीत हळूहळू ओढा. जाळीने उचलू नका. पाण्याबाहेर काढल्यास नाजूक अळ्यांना इजा होते.
४. बादलीत नव्या टाकीचे पाणी थेंब थेंब सोडा आणि काही तासांत क्षारता १२ पीपीटीपर्यंत न्या. दोन्हीकडील तापमानातील फरक १ ते २ अंशांपेक्षा जास्त नसावा.
५. दुसऱ्या दिवसापासून ताजी आर्टेमियाची पिल्ले खाद्य म्हणून द्या. हवा सतत चालू ठेवा.

बीज गोड्या पाण्यात नेणे

जवळपास सर्व अळ्यांचे बीज झाले की सुमारे १२ तासांत हळूहळू गोडे पाणी सोडत क्षारता शून्यावर आणा. हॅचरीतून बीज घेताना ‘हे गोड्या पाण्यावर आणले आहे का?’ हा प्रश्न आधी विचारा. तसे नसेल, तर हे काम घरी केल्याशिवाय बीज तळ्यात सोडू नका.

घाटातून वाहतूक

कोकणातून बीज आणताना पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश ऑक्सिजन ठेवा. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा उंच आहे. बोरघाट चढताना हवेचा दाब कमी होतो आणि पिशवी फुगते. म्हणून ती तट्ट भरू नका. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवून पहाटे किंवा रात्री प्रवास करा. पोहोचल्यावर बंद पिशवी १५ ते ३० मिनिटे टाकीत किंवा तळ्यात तरंगत ठेवा. मग पिशवीत तेथील पाणी थोडे थोडे मिसळा आणि बीज स्वतःहून बाहेर पडू द्या.

मावळात विशेष लक्ष द्या

- थंडी: डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गार होते. घरातील टाकीला थर्मोस्टॅट असलेला हीटर लावा. पाणी १४ अंशांच्या खाली गेल्यास कोळंबी मरू शकते, म्हणून तळ्यातील काढणी थंडीपूर्वी होईल असे नियोजन करा.
- वीज: पावसाळ्यात वीज गेली की हवा बंद पडते. बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवा.
- फवारणी: कोळंबी आणि कीटक हे दोघेही संधिपाद प्राणी, कीटकनाशकाचा अंशही कोळंबीला घातक ठरतो. भात किंवा पॉलिहाऊसमधील गुलाबाच्या फवारणीची बादली, पाइप टाकीसाठी वापरू नका. तांबेयुक्त औषधेही दूर ठेवा.
- नद्या व तलाव: शोभेच्या परदेशी कोळंब्या किंवा त्यांच्या टाकीचे पाणी इंद्रायणी, पवना किंवा वळवण तलावात सोडू नका. रोग पसरतो आणि ओढ्यातील स्थानिक झिंग्यांना धोका होतो.

पहिल्यांदा करताना सगळ्या अळ्या एकदम हलवू नका. पन्नासेक अळ्या नव्या पाण्यात २४ तास ठेवून पाहा; त्या तरतरीत राहिल्या, तरच बाकीच्या हलवा. शेततळ्यात मोठ्या प्रमाणावर बीज सोडण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या पुणे कार्यालयाचा किंवा नारायणगाव, बारामती येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.