मोजचाकापासून उपग्रहापर्यंत

रस्त्याने धावता धावता नकाशाची मापे टिपणारी मोटार आपले स्थान केवळ उपग्रहांच्या बळावर जाणते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्या मोटारीत एक फार जुना मोजणीदार अद्याप कामावर आहे. तो म्हणजे चाक.

अठराव्या शतकात मार्गांची मोजणी हाताने ढकलायच्या मोजचाकाने होत असे. परिघाला फेऱ्यांनी गुणले की अंतर मिळे. दिशा होकायंत्र दाखवी. दोष एकच, पण मोठा : मागची चूक पुढच्या मापात साठत जाई. यावर उपाय ताळा घेण्याचा. विल्यम लँबटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची मालिका आरंभली. पुढे ठिकठिकाणी नव्या आधाररेषा प्रत्यक्ष मोजून गणिताने आलेली लांबी पडताळली जाई. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, १८२३ मध्ये, लँबटनचे हिंगणघाट येथे निधन झाले. तेथे त्याची कबर आहे, हे विदर्भातही थोड्यांनाच ठाऊक असावे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाने नकाशासाठी ‘जीपीएसव्हॅन’ सिद्ध केली. पाठोपाठ कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाची ‘विसॅट’ आली. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. चार उपग्रह दिसले की स्थान निघते. परंतु वेळेत सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक झाली तरी अंतर ३० सेंटिमीटरने चुकते. त्यातच मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराचे संकेत हेतुपुरस्सर बिघडवत असे. म्हणून अचूक ठाऊक असलेल्या जागी दुसरे ग्राहकयंत्र स्थिर ठेवतात. त्याला दिसणारी तफावत हीच चूक; ती मोटारीच्या मापातून वजा होते. लँबटनचाच हा ताळा!

बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून भलतेच अंतर सांगतात. तेथे वळण आणि वेग यांतील बदल नोंदणारी जडत्वमापके सूत्रे घेतात. मात्र तीही एकटी सोडल्यास हळूहळू भरकटतात. मोटार चौकात उभी असताना ती चालली आहे असे मानू लागतात. अशा वेळी चाकाची साक्ष निर्णायक ठरते : फेरा नाही, म्हणजे गती नाही. संध्याकाळी कचेरीत हाच प्रवास गणिताने पुढून मागे आणि मागून पुढे असा दोनदा चालवतात. बोगद्याच्या दोन्ही तोंडांची स्थाने पक्की असल्याने मधली चूक पुष्कळ आक्रसते. सगळ्या योजनेत मला हीच युक्ती सर्वांत रम्य वाटते.

भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरील निर्बंध सैल झाले. जुलै २०२२ मध्ये गूगलने जेनेसिस व टेक महिंद्रा यांच्यासह दहा शहरांची रस्तादृश्ये खुली केली. त्यांत हैदराबाद व वडोदरा होती. मोजणीचे दावे ऐकण्यात माझी नोकरी सरली. वीतभर ओट्यासाठी दोन पिढ्या भांडलेली घरे मी पाहिली आहेत. आपल्या जुन्या वस्त्यांत आकाशाची जेमतेम पट्टी दिसते. तेथील माप हाती येईल तेव्हा, त्याचा ताळा कोणत्या स्थिर बिंदूशी घेतला, हे आपण आधी विचारावे.