हे पुस्तक कोणाचे?

पुस्तकावर नाव घालण्याच्या आपल्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. पहिल्या कोऱ्या पानावर शाईने नाव, खाली गाव आणि तारीख. वाचनालयाचे पुस्तक असेल तर जांभळा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक. बक्षिसाचे असेल तर शाळेचे नाव आणि हेडमास्तरांची सही. युरोपातल्या हौशी वाचकांनी मात्र यासाठी एक छोटीशी कलाच निर्माण केली. साधारण पत्त्याच्या पानाएवढा छापील कागद, त्यावर एखादे चित्र, मालकाचे नाव आणि बहुधा ‘एक्स लिब्रिस’ हे लॅटिन शब्द, म्हणजे ‘यांच्या पुस्तकांपैकी’. तो पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. याला म्हणतात बुकप्लेट.

मी बुकप्लेट जमवतो, आणि त्यातही ज्यूंच्या. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारले की, “मराठी माणसाला हा कुठला नाद?”, तर माझे उत्तर असे असते की कुलाबा जिल्ह्यातल्या माणसाला ज्यू परके कधीच नव्हते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजे आपले बेने इस्रायली. आडनावे पाहा: पेणकर, नवगावकर, किहीमकर. वल्हांडण सणाला घरोघर वाचायचे त्यांचे पुस्तक मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह छापले गेले. टोरांटोतही बेने इस्रायली कुटुंबे आहेत. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू!

पुस्तक हेच ज्याचे वतन, अशा या समाजात बुकप्लेटची आवड रुजली नसती तरच नवल. गंमत अशी की हिब्रू अक्षरे असलेल्या अगदी जुन्या बुकप्लेट ज्यूंच्या नव्हेतच. प्रसिद्ध जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५०० च्या सुमारास आपल्या पिर्कहाइमर नावाच्या विद्वान मित्रासाठी एक केली; तिच्यावर लॅटिन आणि ग्रीकबरोबर हिब्रूही आहे. ज्यू कारागिराने ज्यू मालकासाठी केलेली, नाव आणि साल दोन्ही माहीत असलेली पहिली बुकप्लेट १७४६ ची मानतात. पोर्ट्समथच्या बेंजामिन लेव्हीने ती लंडनच्या आयझॅक मेंडेससाठी कोरली.

पण या कलेचा खरा बादशहा एफ्राइम मोझेस लिलियन. जन्म १८७४, गाव द्रोहोबिच, आजच्या युक्रेनमध्ये. शिक्षण क्राकोमध्ये, नाव कमावले बर्लिनमध्ये. थिओडोर हर्झल बाझलच्या हॉटेलच्या सज्जात कठड्यावर रेलून ऱ्हाइन नदीकडे पाहत आहेत, हे जगप्रसिद्ध छायाचित्र १९०१ साली टिपले ते लिलियननेच. १९०६ साली जेरुसलेमला बेझालेल ही कलाशाळा निघाली, तिच्या उभारणीतही तो होता. त्याच्या बुकप्लेटमध्ये काळ्या-पांढऱ्या रंगांची लपेटदार रेघ असते, आणि सहा कोनांचा तारा, समईसारखा सात शाखांचा दीप, सिंह, ताड अशी जुनी चिन्हे अगदी नव्या अंगरख्यात येतात. लेखक स्टेफान झ्वाइग, तत्त्ववेत्ते मार्टिन बूबर यांच्यासाठी त्याने बुकप्लेट केल्या. त्याच्यामागून हेरमान श्ट्रूक आणि त्याचा शिष्य जोसेफ बुडको आले. बुडकोचे काम मला अधिक शांत वाटते, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

लिलियनने जिच्यावर नाव घातले अशी एक बुकप्लेट आपल्या कॅनडाशी जोडलेली आहे. ती रूबेन ब्रेनिन या हिब्रू लेखकाची. ब्रेनिन १९१२ साली माँट्रियलला आले आणि ‘केनेडर आडलर’ या यिडिश दैनिकाचे संपादक झाले. त्या वेळी माँट्रियलचे बरेचसे ज्यू म्हणजे शिवणाच्या कारखान्यांत राबणारे, नुकतेच बोटीतून उतरलेले लोक. त्यांना आपल्या भाषेतले पुस्तक फुकट वाचायला मिळावे म्हणून ब्रेनिन आणि यहुदा कॉफमन यांनी १९१४ साली ज्यू सार्वजनिक वाचनालय काढले. आपल्या मंडळाचे एका कपाटातले वाचनालय चालवताना काय दमछाक होते हे जाणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ते वाचनालय शंभर वर्षे ओलांडून आजही चालू आहे. ब्रेनिन १९३९ साली न्यूयॉर्कला वारले. त्यांची पुस्तके आणि कागदपत्रे याच वाचनालयात आली. बर्लिनच्या हौशीची खूण शेवटी माँट्रियलच्या कामगारांच्या वाचनालयाशी जोडली गेली.

इथे संग्राहकांमधल्या एका भांडणाबद्दल सांगायला हवे. बुकप्लेट दोन प्रकारांनी बाजारात येतात. काही कधी चिकटवल्याच गेल्या नव्हत्या. मालक जास्तीच्या प्रती छापून घेत आणि हौशी मंडळी टपाल तिकिटांसारखी त्यांची अदलाबदल करत. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकातून पाण्याने भिजवून सोडवलेल्या. मागच्या बाजूला सरसाचा डाग आणि पुठ्ठ्याचा थोडा पापुद्रा दिसला की ओळखावे. मी दुसऱ्या प्रकारच्या घेत नाही. चित्र सुंदर असेल, पण ते कुठल्या पुस्तकात होते हे कायमचे पुसले जाते. माझा रोजचा व्यवसाय डेटाबेसचा. दोन तक्ते जोडणारी किल्लीच कुणी काढून टाकावी, तसे हे आहे.

ही किल्ली किती मोलाची असते, ते युद्धानंतर कळले. नाझींनी युरोपभरची ज्यू वाचनालये आणि घरे लुटून लाखो पुस्तके नेली होती. अमेरिकन सैन्याने ती जर्मनीत फ्रांकफुर्टजवळच्या ऑफेनबाख येथे एका कारखान्याच्या इमारतीत गोळा केली. १९४६ पासून तिथे छाननी सुरू झाली. पहिले प्रमुख सेमूर पॉमरेंझ, त्यांच्यानंतर कॅप्टन आयझॅक बेंकोविट्झ. अडचण अशी की छाननी करणाऱ्या बहुतेक जर्मन कामगारांना हिब्रू वाचता येत नव्हते. बेंकोविट्झ यांनी शिक्क्यांचे आणि बुकप्लेटचे फोटो काढवले. प्रत्येक कामगाराने ठरावीक खुणा डोळ्यांत साठवायच्या आणि समोरून जाणाऱ्या पुस्तकांतून तेवढ्याच निवडायच्या. अक्षर कळले नाही तरी आकार कळतो! अशा रीतीने तिथून तीस लाखांच्या आसपास पुस्तके आणि इतर वस्तू पुढे गेल्या. त्या खुणांच्या फोटोंचे अल्बम आजही अभ्यासक चाळतात, कारण कित्येक वाचनालयांचा तेवढाच मागमूस उरला आहे.

ज्या पुस्तकांचे मालकही उरले नाहीत आणि वारसही, ती जगभरच्या ज्यू संस्थांना वाटण्याचे काम एका संस्थेने केले. तिच्या कचेरीची धुरा काही वर्षे हॅना आरेंट या विदुषीकडे होती. प्रत्येक पुस्तकात संस्थेची खास बुकप्लेट लावण्याची अट होती. कॅनडाच्या वाट्याला दोन हजारांच्या आसपास पुस्तके आली. कॅनेडियन ज्यू काँग्रेसने ती ठिकठिकाणच्या संस्थांना देताना आपलीही बुकप्लेट लावली. तिच्यावर मालकाचे नाव नाही. आशय असा: हे पुस्तक युरोपातल्या कत्तलीत बळी गेलेल्या एका ज्यूचे होते, ज्यांनी ते हिसकावले त्यांनी पुढे मालकालाही मारले. लिलियनच्या कुठल्याही चित्राइतकी ही साधी छापील चिठ्ठी मला मोलाची वाटते.

आणि तिसरी बुकप्लेट ऑटावात आहे. माँट्रियलचे संग्राहक जेकब लोवी यांनी आपला जुन्या हिब्रू ग्रंथांचा अमोल संग्रह १९७७ साली राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. आज तो लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाकडे आहे. याच राष्ट्रीय संस्थेने २०१८ साली एक जर्मन पुस्तक विकत घेतले आणि जानेवारी २०१९ मध्ये लोकांसमोर आणले. १९४४ चा हाइन्झ क्लॉस यांचा १३७ पानांचा अहवाल: अमेरिका आणि कॅनडात ज्यू किती, कुठे, त्यांची वृत्तपत्रे कोणती, संघटना कोणत्या. आत बुकप्लेट आहे, तिच्यावर गरुड आणि स्वस्तिक, खाली ‘एक्स लिब्रिस’ आणि अॅडॉल्फ हिटलरचे नाव. आपल्या उंबऱ्यावर काढतो ते चिन्ह तिथे पाहून मराठी माणसाला दोनदा धक्का बसतो. युद्धाच्या शेवटी अमेरिकन सैनिकांनी हिटलरच्या डोंगरावरच्या घरातून आठवण म्हणून पुस्तके उचलली, त्यांतलेच हे असावे असा तज्ज्ञांचा कयास आहे. पुढे ते एका छळछावणीतून वाचलेल्या गृहस्थांच्या संग्रहात होते.

असले पुस्तक सरकारी पैशाने घ्यावे का, असे काहींनी विचारले. माझ्या मते घ्यायलाच हवे होते. त्या यादीत माँट्रियल आहे. म्हणजे ब्रेनिन यांच्या वाचनालयात पुस्तके बदलायला येणारी माणसेही त्या आकड्यांत मोजलेली आहेत.

इथल्या वाचनालयांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीला आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन जातात. पुढच्या वेळी पुस्तक उघडताना पुठ्ठ्याची आतली बाजू आधी पाहा. हिब्रू अक्षरांची किंवा कॅनेडियन ज्यू काँग्रेसची चिठ्ठी आढळली तर तिला पाणी लावू नका. आहे तशी ठेवून माँट्रियलच्या ज्यू वाचनालयाला फोटो पाठवा.