सरळ रेषेचें समीकरण कोणाचें?

निर्देशक-भूमितीशीं देकार्तचें नांव इतकें निगडित झालें आहे कीं, सरळ रेषेचें समीकरणहि त्याचेंच असें आपण सहज धरून चालतों. वस्तुतः १६३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'भूमिति' ह्या निबंधांत सरळ रेषेचा उल्लेख ओझरताच आहे. ग्रीक गणिती पॅपस यानें नोंदलेल्या एका कूटप्रश्नांतून निघणाऱ्या वक्रांत त्याचा जीव गुंतला होता.

पहिल्या घाताचें समीकरण म्हणजे सरळ रेषा, हा सिद्धान्त स्वच्छपणें मांडला तो तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फर्मा यानें. एका स्थिर रेषेवर ठराविक बिंदूपासून एक अंतर मोजावयाचें, त्याच्या टोकाशीं ठराविक कोनांत दुसरें अंतर उभें करावयाचें. दोहोंचें गुणोत्तर कायम राहिलें कीं, दुसऱ्याचें टोक सरळ रेषेंतच सरकतें. दुसरा अक्ष त्यानें काढलाच नाहीं. ऋण अंतरेंहि त्याच्या हिशेबांत नव्हतीं. त्यामुळें बिचारी रेषा आरंभबिंदूपाशींच थांबे! तथापि आजच्या समीकरणाचें बीज तेंच.

हें टिपण देकार्तच्या निबंधाच्या सुमारासच पॅरिसच्या पंडितांच्या हातीं पोंचलें होतें; परंतु छपाईविषयीं फर्मा कमालीचा उदासीन. १६६५ सालीं तो वारला. टिपण छापून निघालें १६७९ सालीं. दरम्यान १६४९ च्या लॅटिन भाषांतरामुळें देकार्तचा ग्रंथ युरोपांतील विद्वानांत रुळला होता. देकार्तची थोरवी मला नाकारावयाची नाहीं; पण फळ्यावर 'य = म क्ष' लिहितांना मी फर्माचेंच नांव आधीं घेतों.