‘फुटबॉल’ या नांवाचा पुरावा : इ. स. १८६९

अमेरिकेंतील विद्यापीठीय फुटबॉलचा आरंभ ६ नोव्हेंबर १८६९ पासून मोजण्याचा प्रघात आहे. त्या दिवशीं न्यू जर्सी संस्थानांतील न्यू ब्रन्सविक येथें रट्गर्सच्या संघानें प्रिन्स्टनवर ६ विरुद्ध ४ असा जय मिळविला. (प्रिन्स्टनचें नांव १८९६ पर्यंत ‘कॉलेज ऑफ न्यू जर्सी’ असें होतें, जुने कागद पाहणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.) १३ नोव्हेंबरास प्रिन्स्टननें स्वतःच्या मैदानावर ८ विरुद्ध ० अशी परतफेड केली. या दोनच सामन्यांत तो हंगाम आटोपला.

आतां प्रश्न असा कीं, हा खेळ कोणता? प्रत्येक बाजूस २५ गडी असत. चेंडू हातांत घेऊन धांवण्यास वा फेंकण्यास मनाई होती. आज अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात, त्याचा प्राण तर यांतच आहे. ती रीत रग्बीच्या वळणाची. १८७४ च्या हार्वर्ड-मॅक्गिल सामन्यांपासून ती रुजूं लागली व १८७६ च्या नियमांनीं तिला आधार मिळाला. सबब १८६९ चा हंगाम हा विद्यापीठांमधील सामन्यांचा आरंभ होय, प्रचलित खेळाचा नव्हे. नामसाम्यावरून वस्तुसाम्य गृहीत धरूं नये, हा पोथ्यांचा नियम मैदानासही लागू आहे, असें आमचें मत आहे.