रोलबॅक आणि स्टँडबाय नियोजन

संगणकप्रणालीत मोठा बदल करण्यापूर्वी डेटाबेससाठी करावयाची दुहेरी तयारी. बदल फसल्यास डेटाबेस पूर्वस्थितीला आणणे म्हणजे रोलबॅक. मूळ सर्व्हर बंद पडल्यास दुसऱ्या ठिकाणच्या चालू प्रतीवरून काम पुढे नेणे म्हणजे स्टँडबाय. एक असली की दुसरीची गरज नाही, हा समज सर्रास आढळतो आणि तोच महागात पडतो.

डेटाबेसमधील प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये होते. हा लॉग दूरच्या सर्व्हरवर सतत पाठवून तेथे तेच बदल लावले की स्टँडबाय प्रत तयार राहते. ओरॅकलमध्ये हे काम डेटा गार्ड करते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून स्ट्रीमिंग रेप्लिकेशन आले. पलीकडून पोच येईपर्यंत व्यवहार पक्का न करणे ही समकालिक पद्धत. तिच्यात नोंद गहाळ होत नाही, पण अंतर वाढले की व्यवहार रेंगाळतो. असमकालिक पद्धतीत वेग मिळतो. मात्र ऐन बिघाडात शेवटच्या काही नोंदी हातच्या जाऊ शकतात.

तरीही अंतर लागतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर जिल्ह्याचा हा भाग भूकंपनकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या भारतीय मानकाने तो तिसऱ्या क्षेत्रात टाकला. लातूरच्या सर्व्हरची प्रत नांदेडला ठेवल्यास आग किंवा वीजबिघाड यांत ती कामी येईल. भूकंपाचा विचार करून मात्र बँका दुसरी प्रत वेगळ्या भूकंपक्षेत्रात ठेवतात.

स्टँडबाय चुकीपासून वाचवत नाही. मूळ ठिकाणी चुकून पुसलेला तक्ता क्षणार्धात प्रतीतूनही पुसला जातो. म्हणून बदलाआधी पूर्ण बॅकअप घेतात, रिस्टोअर पॉइंट ठरवतात आणि एखाद्या स्टँडबायवर लॉग लावणे थांबवून ठेवतात. ओरॅकल व मायएसक्यूएलमध्ये तक्त्याची रचना बदलणारी आज्ञा आपोआप पक्की होते, त्यामुळे तेथे साधा रोलबॅक चालत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशा बहुतेक आज्ञा मागे घेता येतात.

१९७६ साली नांदेडला स्थापन झालेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली. १ मे २०२५ रोजी त्या बँकेचे विदर्भ कोकण ग्रामीण बँकेशी एकत्रीकरण झाले. अशा विलीनीकरणात वेगवेगळ्या प्रणालींतील खाती एकत्र आणावी लागतात, आणि खरी कसोटी तेथे लागते. शाखा बंद असेपर्यंत मागे फिरणे सोपे. सोमवारी उदगीर-मुखेडकडे काउंटर उघडून पीककर्जाचा भरणा नव्या प्रणालीत नोंदला गेला, की जुना बॅकअप लावणे म्हणजे शेतकऱ्याने भरलेला हप्ता पुसणे. मग नव्या नोंदी उलट जुन्या प्रणालीत पोचवण्याची सोय हवी, नाहीतर पुढे जाऊनच दुरुस्ती करावी लागते. म्हणून माघारीची शेवटची घटका, तो निर्णय घेणारा अधिकारी आणि शिल्लक व खातेसंख्या जुळवण्याची रीत आधीच कागदावर हवी. त्याची रंगीत तालीमही व्हावी.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये मुख्यतः एकाच टप्प्यात खाती नव्या प्रणालीत नेली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती वापरता येईनात. अपुऱ्या चाचण्यांवर आणि एका दमात सारे हलवण्याच्या निर्णयावर चौकशी अहवालाने ठपका ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.